ओटीपी गेला, ठेव मोडली आणि बँक हात वर करते

प्रश्न : माझे वडील 71 वर्षांचे आहेत. बँकेचं सगळं काम ते शाखेत जाऊनच करायचे. दीड वर्षापूर्वी मीच त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप टाकून दिलं. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी त्यांना 'केवायसी संपतंय' असा फोन आला आणि व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. ती त्यांनी उघडली. ओटीपी कुणालाही सांगितला नाही, असं ते ठामपणे म्हणतात. 3:04 ला त्यांच्या बचत खात्यातून 50,000 रुपये गेले. 3:40 ला आई-वडिलांच्या संयुक्त नावावरची 3,00,000 रुपयांची मुदत ठेव मोडली गेली आणि तिची रक्कम वडिलांच्या खात्यात आली. मग 3:47 ला 2,00,000 आणि 4:05 ला 1,25,000 गेले. मला शनिवारी सकाळी कळलं. 9:10 ला बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रार क्रमांक मिळाला. 9:40 ला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तरीही 10:22 ला आणखी 49,000 गेले. दुसरा शनिवार होता, त्यामुळे शाखेत सोमवारी गेलो. तिथे 'उशिरा आलात' म्हणाले. आता बँकेचं लेखी उत्तर आलंय की ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवरच गेला होता, त्यामुळे जबाबदारी ग्राहकाची. 1930 मुळे 62,000 रुपये समोरच्या एका खात्यात रोखून ठेवलेत. बाकीचे पैसे मिळतील का? आणि ॲप काढून टाकून पुन्हा शाखेतच जायला लागावं का?

उत्तर : 4,24,000 रुपये अशी एकच रक्कम मागू नका. बँकेला तेच सोयीचं आहे, कारण मग 'ओटीपी गेला' हे एकच उत्तर सगळ्यांना पुरतं. कायद्याच्या नजरेत या रकमेचे तीन भाग पडतात आणि तिन्हींवर तुमची बाजू सारखी भक्कम नाही.

सर्वांत भक्कम बाजू शनिवारच्या 49,000 ची. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिलं. (सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक 14 डिसेंबर 2017 चं होतं.) ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी बँकेला कळवेपर्यंतचंच नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तुम्ही 9:10 ला कळवलं, पैसे 10:22 ला गेले. मधली 72 मिनिटं बँकेची आहेत. इथे वडिलांनी ओटीपी दिला की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

मग पैसे गेले कसे? हेल्पलाइनवर 'माझ्या खात्यातून फसवणूक झाली' म्हटलं की पुष्कळदा फक्त डेबिट कार्ड बंद होतं. ॲप, नेट बँकिंग आणि यूपीआय चालूच राहतं. 49,000 यूपीआयने गेले असतील तर बहुतेक हेच घडलं आहे. हेल्पलाइनच्या कॉलचं ध्वनिमुद्रण जपून ठेवा, असं पत्र बँकेला आजच द्या. ठरावीक काळाने ती मुद्रणं पुसली जातात.

दुसरा भाग मुदत ठेवीचा. तुमच्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इथे आहे आणि तुमच्या पत्रात तो ओझरता आला आहे. ठेव आई आणि वडील दोघांची. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' (आयदर ऑर सर्व्हायव्हर) अशी सूचना असेल तर मुदत संपल्यावर एकाच्या सहीने पैसे देता येतात. मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागू शकतात, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट केलेलं आहे. एकाच्या सहीवर मुदतपूर्व मोडण्याची संमती दोघांनी आधी लेखी दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ठेव उघडतानाचा अर्ज आणि पावतीच्या मागच्या अटी पहिल्यांदा काढा. तशी संमती नसेल तर बँकेला सरळ विचारा : काउंटरवर वडील एकटे आले असते तर तुम्ही ही ठेव मोडून दिली असती का? नाही, तर ॲपवर एकट्यांच्या ओटीपीने ती कशी मोडली? तुमच्या आईने ना ॲप घेतलं, ना कसली फाइल उघडली. तिचा निष्काळजीपणा बँक कुठून आणणार?

यासाठी तक्रारीवर आईचीही सही हवी. फक्त वडिलांच्या नावाने तक्रार गेली तर हा मुद्दा अर्धा मरतो. व्याजही मागा. अनधिकृत व्यवहाराची रक्कम बँकेने व्यवहाराच्याच तारखेपासून धरून जमा करायची असते, म्हणजे ग्राहकाचं व्याज बुडत नाही. मोडल्याबद्दल कापलेला दंड त्यात आलाच.

ठेवीचे 3,00,000 आणि शनिवारचे 49,000 असे 3,49,000 वेगळे काढले की उरतात 75,000. हा तिसरा भाग कठीण आहे. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी ग्राहकानेच दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याच्या माथी येतं. 'केवायसी'च्या नावाने आलेली ती फाइल बहुधा एपीके (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी) असणार. ती बसवताना 'मेसेज वाचायची परवानगी' मागते आणि ती मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर पुढे पाठवते. वडिलांना कधीकधी मेसेज दिसतही नाही. हे ओटीपी 'देणं' नव्हे, चोरी आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करेन. फाइल बसवणं हाच निष्काळजीपणा, असं बँक म्हणेल. ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी गेलेले आहेत.

तरी दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. 'ओटीपी गेला' हे सिद्ध करणं म्हणजे 'ग्राहकाने दिला' हे सिद्ध करणं नव्हे. शिवाय, ग्राहकाने 24 तासांच्या आत कळवलेल्या सुमारे 94,000 रुपयांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2025 रोजी बँकेची अपिलाच्या परवानगीची याचिका फेटाळली. तिथेही बँकेचा बचाव ओटीपीचाच होता. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये एका बँकेला 76 लाखांहून अधिक रक्कम परत करायला लावली. तिथे लाभार्थी (पैसे ज्याला पाठवायचे ते खातं) जोडल्याचे ओटीपी ग्राहकाला आलेच नव्हते.

'उशिरा आलात' हे तर साफ चूक आहे. बँकेला कळवण्याची तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत मोजताना बँकेचा संदेश आल्याचा दिवस धरत नाहीत आणि शाखेच्या सुट्ट्याही धरत नाहीत. सोमवार हा पहिलाच दिवस ठरतो. त्यातून हेल्पलाइनवरची तक्रार ही शाखेतल्या अर्जाइतकीच तक्रार असते. ही चोवीस तासांची सोय ठेवणं बँकेवर बंधनकारक आहे.

आता बँकेच्या मुख्य नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, पत्र लिहा. त्यातला मधला परिच्छेद साधारण असा : 'शनिवारी सकाळी 9:10 वाजता तक्रार क्रमांक अमुक नोंदवल्यानंतरही 10:22 वाजता 49,000 रुपये खात्यातून गेले. ही रक्कम 10 कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करणे बँकेवर बंधनकारक होते, ते केलेले नाही. मुदत ठेव क्रमांक तमुक दोन धारकांची असून दुसऱ्या धारकाची संमती न घेता मुदतीपूर्वी मोडण्यात आली. ती कोणत्या लेखी अधिकाराने मोडली, याची प्रत द्यावी.' याखाली नोंदी मागा : शुक्रवारी कोणत्या नव्या फोनवर ॲप चालू झालं, त्याचा आयपी पत्ता, लाभार्थी कधी जोडले, प्रत्येक ओटीपी कोणत्या कामासाठी आणि किती वाजता गेला. नव्या फोनवर ॲप सुरू झाल्यावर आणि नवा लाभार्थी जोडल्यावर काही तास मोठी रक्कम जाऊ न देणं ही बँकांची नेहमीची खबरदारी आहे. तुमच्या बँकेच्या संकेतस्थळावर तशी अट छापलेली असेल तर त्या पानाचं छायाचित्र पत्राला जोडा. या नोंदी पुढे ग्राहक आयोगात बँकेकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या (इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीच्या) प्रमाणपत्रासह मागा, नुसत्या छापील कागदावर समाधान मानू नका.

शाखेत एक छापील फॉर्म पुढे केला जातो. त्यात 'मी ओटीपी शेअर केला आहे' असा रकाना असतो आणि कर्मचारी घाईत तिथे खूण करून देतो. सोमवारी वडिलांनी असं काही भरलं असेल तर त्याची प्रत मागा आणि ती खूण चुकीची असेल तर आजच लेखी दुरुस्ती द्या. आणि ओटीपी खरंच सांगितला असेल तर तसं मलाही सांगा, बँकेलाही. फसवणूक करणाऱ्याचा कॉल किती मिनिटं चालला आणि त्याच वेळात किती ओटीपी आले, हे नोंदींतून कळतं. तिथे खोटं पकडलं गेलं तर भक्कम 3,49,000 सुद्धा डळमळतात.

वडिलांचा फोन दुकानात देऊन रीसेट करून घेतलात का? घेतला नसेल तर घेऊ नका. तोच पुरावा आहे. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. संसर्ग झालेल्या फोनमध्ये सिम राहिलं तर नवे ओटीपीही बाहेर जात राहतात. शनिवारचा व्यवहार तसाच झाला असण्याची शक्यता आहे. साध्या फोनवरून *#21# लावून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हे पाहा. वळवलेले असतील तर ##002# ने ते बंद होतात. जुना फोन एअरप्लेन मोडवर ठेवून त्यातल्या फाइलची, चॅटची आणि कॉल यादीची छायाचित्रं दुसऱ्या फोनने काढा.

62,000 साठी वेगळी वाट आहे. 1930 वरच्या तक्रारीचं एफआयआरमध्ये रूपांतर झालंय का ते सायबर पोलिसांकडे विचारा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 66 सी आणि 66 डी, भारतीय न्याय संहितेची 318(4) आणि 319(2) त्यात असावीत. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे रक्कम परत मिळण्याचा अर्ज करायचा. त्या खात्यात अनेकांचे पैसे मिसळलेले असतात. म्हणून तुमच्या व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकापासून (प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या वेगळ्या क्रमांकापासून) त्या खात्यापर्यंतची साखळी पोलिसांच्या अहवालात स्पष्ट दिसली पाहिजे, नाहीतर अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळतो. हे पैसे मिळाले की बँकेकडच्या मागणीतून वजा करा, दोनदा मागता येत नाहीत.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पुन्हा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिला शुल्क नाही. तिथे मी उपयोगाचा नाही : वकिलामार्फत केलेली तक्रार लोकपाल घेतच नाहीत. आईवडिलांचं अधिकारपत्र घेऊन तुम्ही ती करू शकता. लोकपालाकडे साक्षीपुरावे आणि उलटतपासणी नसते, त्यामुळे 'फार पुरावा तपासावा लागेल' म्हणून तक्रार परत येऊ शकते. म्हणून तिथे शनिवारचा व्यवहार आणि संयुक्त ठेव पुढे ठेवा. ते दोन्ही मुद्दे कागदावरच सुटतात. फाइल आणि ओटीपीचा वाद मागे राहू द्या. पोलीस तपास चालू असल्याने लोकपालाचा मार्ग बंद होत नाही, पण ग्राहक आयोगात आधीच गेलात तर होतो. हा क्रम उलटा करू नका.

लोकपालाने निराशा केली तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोग आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. लोकपालाकडे गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होईल, या भरवशावर राहू नका.

राहिला ॲपचा प्रश्न. शाखेत फसवणूक होत नाही असं नाही, पण तिथे कायदा साधा आहे. चेकवरची सही खोटी असेल तर खातेदाराचा आदेशच नव्हता आणि बँकेला ते पैसे त्याच्या नावे टाकता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कॅनरा सेल्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात हे पक्कं केलं. ॲपमध्ये ओटीपी खरा असतो, माणूस खोटा असतो. त्यामुळे वाद सहीवरून उठून 'काळजी कोणी घेतली नाही' यावर जातो आणि तिथे ग्राहक दमतो. उलट बाजूही आहे. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळनंतर पैसे गेले तर शाखा सोमवारपर्यंत बंद असते. शनिवारी सकाळी नऊला तक्रार नोंदता आली ती फोनमुळेच, आणि तुमचा सर्वांत भक्कम मुद्दाही त्यातूनच उभा राहिला.

म्हणून ॲप पूर्ण काढू नका, त्याची पोच कमी करा. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्याशी जोडल्या आहेत, त्या खात्याचं मोबाइल आणि नेट बँकिंग लेखी अर्ज देऊन फक्त बघण्यापुरतं ठेवा. वीजबिल वगैरेसाठी दुसरं लहान खातं ठेवा, यूपीआय त्यालाच जोडा. मेसेज आणि ईमेल दोन्ही सूचना चालू ठेवा, ईमेल तुमच्या फोनवरही येऊ द्या. मेसेज चोरणाऱ्या फाइलला ईमेल अडवता येत नाही. ठेवींसाठी वेगळा अर्ज करा : 'आमच्या संयुक्त ठेवी मुदतीपूर्वी फक्त शाखेत, दोघांच्या सह्यांनीच मोडाव्यात, आणि त्यावर ऑनलाइन कर्जही देऊ नये.' कर्जाचं वाक्य विसरू नका. ठेव न मोडता तिच्यावर काही मिनिटांत ओव्हरड्राफ्ट काढूनही पैसे नेले जातात आणि ठेव जागेवर दिसत असल्याने घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा.