चिऱ्यातली पाल आणि हायलोनोमस

प्रश्न : आमच्या वाडीजवळच्या चिरेखाणीत एक चिरा निघालाय, त्यावर चक्क पालीसारखा आकार आहे. मुलगा म्हणतो हा हायलोनोमस, त्याने नेटवर वाचलंय. असेल का हो?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मुलाचं वाचन चांगलंय, पण हायलोनोमस, म्हणजे फार फार जुना सरपटणारा प्राणी, चिऱ्यात मिळणार नाही. चिऱ्याचा दगड म्हणजे जांभा, पावसापाण्याने कुजलेला कातळ, त्यातली सिलिका वाहून जाते आणि लोखंड, अॅल्युमिनियम मागे उरतं, त्यामुळे भोकं आणि वेडेवाकडे आकार ढीगभर, शोधाल तर गणपतीही दिसेल. शिवाय मूळ कातळ लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हायलोनोमस तर 31 कोटी वर्षांपूर्वीचा! मालवण-कणकवलीकडे जुने खडक आहेत म्हणाल, तर ते इतके जुने की तेव्हा पाठीचा कणा असलेलं कुणी जन्मालाच आलं नव्हतं. थोडक्यात, आपल्याकडचा दगड एकतर फार आधीचा नाहीतर फार नंतरचा.

हायलोनोमस सापडला कॅनडात, नोव्हा स्कॉशियातल्या जॉगिन्सच्या कड्यात. वीसेक सेंटिमीटरचा, दिसायला सरड्यासारखा, बारीक टोकदार दात, म्हणजे किडेमुंग्या खात असणार. 1860 मध्ये भूवैज्ञानिक विल्यम डॉसनने त्याला नाव दिलं आणि जातीला चार्ल्स लायल या दुसऱ्या भूवैज्ञानिकाचं नाव जोडलं. गंमत म्हणजे हाडं मिळाली ती उभ्या झाडांच्या पोकळ बुंध्यांत! चिखलात अर्धी गाडली गेलेली सिजिलारियाची (आता नामशेष झालेली) झाडं आतून कुजली आणि हे प्राणी त्यात पडून अडकले असं आधी मानायचे, पण काही बुंध्यांत जळक्या लाकडाचा कोळसा मिळालाय त्यामुळे वणव्यातून जीव वाचवायला आत शिरले असतील किंवा तिथेच राहत असतील असंही म्हणतात, मला हे जास्त पटतं, आपल्याकडची सापसुरळी पण दिसेल त्या ढोलीत घुसतेच की. आणि कडा दर भरतीला झिजतो म्हणून नवे बुंधे उघडे पडत राहतात, तिकडच्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक 16 मीटरपर्यंत जातो.

हायलोनोमसला ‘सगळ्यात जुना सरपटणारा प्राणी’ म्हणतात, पण तसं म्हणताना जरा जपून. ऑस्ट्रेलियात अशाच प्राण्याच्या नखांच्या पावलांचे ठसे मिळालेत, 2025 मध्ये छापून आलं, ते याच्याहून बरेच जुने आहेत. हाडांच्या बाबतीत मात्र हायलोनोमसचा मान अजून मोठा आहे.

आणि मुलाला खरंच जीवाश्म बघायचे असतील तर चिरा सोडा. रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभ्याखाली कधीकधी काळी चिकणमाती, लिग्नाइट (कच्चा कोळसा) लागतं, त्यात जुनं लाकूड, पानांचे ठसे मिळतात. कुणाची विहीर चालू असेल तर काठावरचा काळा ढीग बघायला सांगा, आत उतरू देऊ नका.