नवऱ्याने ओसी, म्हणजे ओपन-क्लोजचा मटका, सोडून आठवडा झाला. झोप नाही, चिडचिड करतो. हे किती दिवस चालतं? घरच्यांनी मिळून कर्ज फेडून टाकलं तर सुटेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. फेडू नका. निदान तुम्ही फेडू नका.

माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आहे. आधी ओसी, मग मोबाईलवर रमी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला, ॲपवरचे पैशाचे डाव बंद झाले, तेव्हा आईने नारळ फोडला. थोड्याच दिवसांत स्वारी परत ओसीच्या चिठ्ठीवर. ॲप बंद पडतं, पानपट्टीमागचा चिठ्ठ्या घेणारा पोऱ्या बंद पडत नाही, आणि तो उधारही देतो.

तेव्हा आमच्या काकांनी सोसायटीत दागिने ठेवून सगळी उधारी एका दिवसात मिटवली. "एकदा कोरं करून टाकू, पोरगं सुधारतंय." कोरं झालं ते बुकीच्या वहीतलं पान. या घरातून पैसे वसूल होतात हे त्याला कळलं, त्यामुळे भावाची पत उलट वाढली. दिवाळीच्या आत उधारी पहिल्याइतकीच.

पुढे भावाने पुन्हा सोडायचं ठरवलं, तेव्हा काकांना बाजूला बसवून व्यवहार मी हातात घेतला. पगार माझ्याकडे. त्याच्या खिशात बसभाडं आणि चहापुरतं. मोबाईल बटणाचा. कोणाचं किती देणं हे त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं आणि त्याच्याच पगारातून थोडं थोडं फेडायचं ठरलं. पिग्मी, म्हणजे रोज थोडे पैसे भरायचं खातं, माझ्या नावावर काढली, नाहीतर गडी पिग्मीवरही कर्ज उचलतो. पिग्मीवाला मुद्दाम संध्याकाळी बोलावला, एरवी पोऱ्याला गाठायची तीच वेळ.

आता झोपेचं. रात्रीच्या बाजाराचा क्लोज, म्हणजे दुसरा आकडा, मध्यरात्रीच्या सुमारास फुटतो. वर्षानुवर्षं त्या वेळेला जागा राहिलेला माणूस दहा वाजता कसा झोपेल? आमचा तर दुपारी चार वाजले की घड्याळाकडे बघायचा, कल्याण बाजाराच्या ओपनची, म्हणजे पहिल्या आकड्याची वेळ. खेळत नव्हता, पण आकडे सुटत नव्हते. गाडीचा नंबर, स्वप्नात दिसलेला साप, काहीही चालायचं. एकदा गॅसची पावती हातात घेऊन बसला. शेवटचे आकडे १३८. बेरीज बारा, त्यातला शेवटचा आकडा दोन, म्हणजे दुर्री. पावती खिळ्याला अडकवली आणि गप्प राहिला.

संध्याकाळी नेमकी दुर्री फुटली.

ताटातली भाकरी तशीच. "लागलं असतं गे आक्का." एवढंच, पण चारदा. आणि काका काय म्हणाले असतील? "दोनशे लावला असता तर अठराशे आले असते. तुम्ही पोराला आडवलासा." त्या रात्री काकांचं आणि माझं जे वाजलं ते आजही मिटलेलं नाही. ताई, सोडण्याच्या दिवसांत हरल्याची आठवण एवढी छळत नाही, न लावलेला आकडा फुटला की माणूस खचतो. त्या दिवशी घरात कोणी हळहळलं तर सगळं मुसळ केरात.

म्हणून मी त्याला रोज मनातला आकडा कॅलेंडरवर लिहायला लावला. महिनाअखेर हिशेब मांडला, खेळला असता तरी तोट्यातच होता. असणारच. आकडे दहा, लागला तर पैसे नऊपट. ओपन-क्लोजच्या जोड्या शंभर, मिळतात फार तर नव्वदपट. बुकीला यात लबाडीसुद्धा करावी लागत नाही. डॉक्टरांना मात्र माझी युक्ती पटली नाही. त्यांचं म्हणणं, आकड्याशी संबंधच नको. तेही बरोबर असेल, तुम्ही त्यांचंच ऐका.

किती दिवस म्हणाल तर भावाचे पहिले दोन-तीन आठवडे फार वाईट गेले. नंतर ओढ येऊन-जाऊन, पगाराच्या दिवशी जास्त. "चल, गोव्याला जाऊन येऊ" म्हणणारे मित्र तोडा. चोर्ला घाट उतरला की पणजीत मांडवीवर कॅसिनोच्या बोटी उभ्याच आहेत.

डॉक्टर धारवाडचे, डिम्हान्समधले, म्हणजे तिथल्या मानसिक आजारांच्या सरकारी इस्पितळातले. आमच्याकडे "धारवाडला न्या" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, काकांनी त्यावरूनही तमाशा केला. म्हणे घराण्याला बट्टा. गावभर उधारी करून लागला नाही तो बट्टा ओपीडीच्या चिठ्ठीने लागणार होता!

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. वसुलीवाले दारात येऊन धमक्या देत असतील, तर माझं "फेडू नका" धरून बसू नका, वकिलाला विचारा. आणि नवरा जीव द्यायची भाषा करत असेल तर कर्जाचा विषयच काढू नका, त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, किंवा १४४१६ ला फोन लावा. टेली-मानसची सरकारी फुकट सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

बाकी काका हे वाचतील. वाचू देत. सोसायटीतले दागिने भाऊ स्वतःच्या पगारातून सोडवतोय, त्यांनी मध्ये पडू नये.