अँबलसाइडला शिकायला यायचं म्हणणाऱ्या ट्रेक लीडरला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, नाशिकहून शनिवार-रविवारी कळसूबाई, हरिश्चंद्रगडला ग्रुप नेता, उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय. आता इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, अँबलसाइडला, आउटडोअर शिक्षणातलं एक वर्षाचं मास्टर्स करायचं, आणि ‘सेटल झालो की’ बायको आणि चार वर्षांच्या मुलीला बोलावून घ्यायचं. फी, हेल्थ सरचार्ज, टीबीची तपासणी हे सरकारी साइटवर नीट लिहिलंय, ते सोडते. बायको-मुलीला बोलावण्याचं तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात.

१ जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला कुटुंब आणता येत नाही. संशोधनाच्या पदवीला येतं. पदवीनंतर राहून काम करायला मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही तेच जोडीदार आणि मुलं राहू शकतात, जे आधीपासून तुमच्या विद्यार्थी व्हिसावर होते. म्हणजे ‘आधी मी जातो, मग बोलावतो’ ही वाट या रस्त्यावर नाहीच. तो ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोनऐवजी दीडच वर्षाचा. त्यानंतर नोकरीवरचा स्किल्ड वर्कर व्हिसा म्हणाल, तर जुलै २०२५ पासून त्याला सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार आणि पदवी-पातळीचं काम लागतं. आउटडोअर सेंटरवरच्या इन्स्ट्रक्टरचा पगार त्याच्या आसपासही नसतो. एक वर्ष आणि दीड वर्ष धरा, मुलगी साडेसहा वर्षांची होईल. ‘पोरं व्हिडिओ कॉलवर मोठी होतात’ असं इथे सगळे हसत हसत म्हणतात. मला ते हसू ऐकवत नाही. एजंट हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आता धंद्याचं. इथे पदवीपेक्षा लॉगबुक, म्हणजे डोंगरातल्या दिवसांची नोंदवही चालते, आणि त्याला कारण आहे. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे कयाकिंग करताना चार शाळकरी मुलं दगावली. त्यातून १९९५ चा कायदा आला. अठराखालच्या मुलांना पैसे घेऊन डोंगरात, पाण्यात, गुहेत किंवा कड्यावर नेणाऱ्या संस्थांना परवाना लागू लागला. परवाना टिकवायचा तर माणूस सक्षम आहे याचा पुरावा संस्थेला दाखवावा लागतो. ‘दहा वर्षं ग्रुप नेतोय’ हे तोंडी सांगणं म्हणजे शून्य.

डोंगरासाठी तो पुरावा म्हणजे ‘माउंटन लीडर’ ही पात्रता. प्रशिक्षणाआधी किमान २० ‘क्वालिटी माउंटन डे’, मूल्यमापनाआधी ४०, तेही ब्रिटन-आयर्लंडच्या किमान तीन वेगवेगळ्या डोंगराळ भागांत. शिवाय तंबूतल्या ८ रात्री, त्यातल्या ४ रानात, आणि १६ तासांचा प्रथमोपचार कोर्स. दिवस ‘क्वालिटी’ ठरायला साधारण पाच तासांच्या वर चाल, आखणी तुमची, आणि मळलेली वाट सोडून नकाशावर चालणं लागतं. भूभाग आणि हवामान इथल्या डोंगरांशी मिळतंजुळतं हवं, त्यामुळे सह्याद्रीतल्या फेऱ्यांच्या भरवशावर राहू नका. मास्टर्सचं एक वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. अभ्यासक्रमाच्या सहली सोडून स्वतःचे ४० दिवस त्या वर्षात बसवणं जमतं, पण मग निबंध मागे पडतात. आणि निबंध भरपूर असतात. अर्धा अभ्यासक्रम अनुभवातून शिकणं म्हणजे काय, यावर लिहिण्यातच जातो.

सह्याद्रीवाल्यांची गाडी अडते ती नकाशावर. आपल्याकडे वाट माहीत असते, नाहीतर वाडीत विचारतो. इथे मूल्यमापनात रात्री, धुक्यात, दहा मीटरची एक समोच्चरेषा वळलेली दिसते त्या खळग्यापाशी नेऊन दाखवायचं असतं. सराव घरीच सुरू करा. सपाटीवर १०० मीटरला आपली दुहेरी पावलं (एकच पाय मोजायचा) किती पडतात ते मोजा (बहुतेकांची ६० ते ७०), मग तेच चढावर आणि गवतात मोजा, आकडा बदलतो. वेळेसाठी नेस्मिथचा नियम: ताशी ५ किमी, आणि चढाच्या दर १० मीटरला एक मिनिट. दीड किलोमीटर आणि १५० मीटर चढ म्हणजे १८ अधिक १५, ३३ मिनिटं. चाळीस मिनिटं होऊनही ठिकाण दिसलं नाही, तर पुढे रेटायचं नाही, थांबायचं. दुसरी सवय दोराची. बेसिक कोर्सवाला पटकन दोर काढतो. माउंटन लीडरच्या कक्षेत ठरवून दोर वापरण्याची जागा नाही, तो फक्त अडचणीपुरता. दोर लागेल अशी वाट निवडलीत, तर निवडच चुकली असं धरतात.

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर, कळसूबाई १६४६. पण आपला जुलैतला पाऊस कोमट असतो. इथे ४ अंशांत, वाऱ्यात, ओल्या सुती कपड्यांत माणूस तासाभरात गारठून बडबडायला लागतो. अंगाला लोकर किंवा सिंथेटिक, आणि सॅकमध्ये ग्रुप शेल्टर (सगळ्या ग्रुपने आत बसायचं हलकं आच्छादन) हवाच.

मग गाडी. मिनिबस चालवता न येणारा इन्स्ट्रक्टर सेंटरला अर्धाच उपयोगी. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं आणि बदलून मिळत नाही. थिअरी, प्रॅक्टिकल सगळं पहिल्यापासून. आल्या आठवड्यात प्रोव्हिजनलचा, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज टाका, कारण परीक्षेची तारीख महिनोन्‌महिने मिळत नाही. ती चाचणी पास झालात तरी १९९७ नंतरच्या कार लायसन्सवर मिनिबसचा डी-१ वर्ग आपोआप येत नाही. वीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला ‘एल’ची पाटी लावून फिरवतात. या लायसन्सच्या कागदांनी मला जेवढं पिडलं, तेवढं व्हिसानेही नाही.

आणि एक खाच. हा धंदा हंगामात रोजंदारीवरच्या फ्रीलान्सरवर चालतो, पण विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. एका दिवसाचं बिलही फाडायचं नाही. पगारी नोकरी सत्रात आठवड्याला २० तास, तीही ‘स्पोर्ट्स कोच’ म्हणून मोजली जाणार नाही ना, हे विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराकडून लेखी घ्या. कोच म्हणून काम विद्यार्थी व्हिसावर बंद आहे.

एकटेपणाबद्दल विचारलंत. गाव छोटं आहे, ५५५ नंबरची बस आहे, पाऊस आहे. ऑक्टोबरात क्लबात नाव घाला, शनिवारी डोंगरात जा, झोप लागते. याहून जास्त लिहायची माझी तयारी नाही.

डिपॉझिट भरण्याआधी विभागाला ईमेल करून विचारा: डोंगरातले प्रत्यक्ष दिवस किती, माउंटन लीडरच्या प्रशिक्षणाचा आणि मूल्यमापनाचा खर्च फीमध्ये धरलाय का, पाण्यातलं काम किती, आणि परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जण पदवीनंतर याच धंद्यात राहिले. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं, तर पैसे भरू नका.