ऊसतोड मजुरांच्या मुलांचं एका हंगामात असं काय नुकसान होतं?

तुम्ही विचारलंय, ऊसतोड मजुरांची मुलं पाच-सहा महिनेच तर गाव सोडून येतात, तेवढ्यानं त्यांच्या तब्येतीचं आणि शाळेचं असं काय बिघडतं?

मी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. बीडकडच्या आणि आपल्याच जत भागातल्या मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावाबाहेर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, टाकतात. या मुलांचं खूप बिघडतं. आणि नुसता आजार त्याला कारण नाही, सगळं अर्धवट राहतं म्हणून बिघडतं.

लसीचंच बघा. पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे, डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. गणपतीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाला पहिला डोस गावी मिळतो, पुढचे दोन फडावर, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतावर, असताना येतात. कार्ड मागितलं की आई म्हणते, "ताई, ते गावाकडं पेटीत राहिलं." मग तिच्या गावातल्या सेविकेला फोन लावायचा, नोंद मिळवायची. तोवर फड संपतो आणि टोळी पुढच्या गावाला जाते. गोवराची लस अशी चुकली तर जास्तच भीती वाटते. कोप्या एकमेकींना लागून असतात, एका पोराला गोवर झाला की शेजारच्यांना व्हायला वेळ लागत नाही. पुरळ गेलं तरी अंगातली ताकद बरेच दिवस कमी असते, त्यात जुलाब नाहीतर न्यूमोनिया गाठतो. आधीच वजन कमी असलेलं पोर त्यातनं उठणं अवघड.

जुलाबात ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले की गोळ्या बंद होतात, कारण आई पहाटेच फडात गेलेली असते. दवाखान्यासाठी थांबली तर खाडा पडतो, तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात धरला जातो. तिला दोष देऊ नका.

मागं कोपीवर कोण असतं? आठ-नऊ वर्षांची मुलगी. कडेवर भाऊ, चुलीवर भात. बाळाचं अंग तापलं की कपाळावर ओली चिंधी ठेवायची, हे तिला कुणी न शिकवता येतं. पण तिसरीतली बेरीज विसरलेली असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं दाखला नाही म्हणून शाळा तिला परत पाठवू शकत नाही, वर्षात कधीही तिचं नाव घालता येतं. आम्ही घालतोही. पण भाऊ कुणाकडं ठेवायचा? अंगणवाडी दुपारपर्यंत, आई येते अंधार पडल्यावर. माझ्या मते फडाजवळ दिवसभराचं पाळणाघर झाल्याशिवाय या मुली शाळेत टिकणार नाहीत.

तुमच्या शिवारात कोप्या दिसल्या तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा अंगणवाडीत कळवा. आयांना लसीच्या कार्डाचा फोटो गावाकडनं मोबाईलवर मागवून ठेवायला सांगा. आणि टोळी हलायच्या आत मुकादमाकडनं, म्हणजे टोळी आणणाऱ्या माणसाकडनं, पुढच्या गावाचं नाव विचारून घ्या, म्हणजे तिथल्या सेविकेला आम्ही आधीच फोन करू शकतो.