काम चार महिने रखडलं. एमएसपीचा (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचा) बारचार्ट जोडला तर मुदतवाढ मिळेल का?

नुसत्या बारचार्टवर कठीण आहे. नाशिकमधलं सरकारी इमारतीचं काम, ड्रॉइंग उशिरा, मधे पाऊस आणि आता दंडाची नोटीस, म्हणून तुम्ही शेड्यूल नव्याने बनवायला बसलात. बनवा, पण समोरचा आधी हेच विचारेल: ही फाइल कधीची?

माझंच सांगतो. सातपूरच्या एका कामात सबस्टेशनच्या खोलीचं ड्रॉइंग ४१ दिवस उशिरा हातात पडलं. आम्ही बिनधास्त ४१ दिवस मागितले. पण आमच्याच मंजूर शेड्यूलमध्ये त्या खोलीला १९ दिवसांचा फ्लोट, म्हणजे मोकळी सवड, होती. तेवढा उशीर आतल्या आत जिरला, काम संपायची तारीख हलली नाही. उरले २२. त्यातले ८ दिवस आमच्याच शटरिंगच्या प्लेटा आल्या नव्हत्या, आणि हे आमच्याच डेली रिपोर्टात लिहिलेलं! उशीर दोन्हीकडचा, म्हणून त्या ८ दिवसांची मुदत मिळाली, पैसे नाहीत. वर आमचा प्लॅनिंगवाला दर महिन्याचा अपडेट जुन्याच फाइलवर सेव्ह करायचा. ड्रॉइंग अडकलं त्या महिन्यात शेड्यूल काय दाखवत होतं, ते दाखवायला मागे काही उरलंच नव्हतं.

पावसाचं म्हणाल, तर गोदावरीचा पूर ज्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचा फोटो नाशिककराला पटेल, लवादाला नाही. नेहमीचा पावसाळा तुम्ही टेंडर भरतानाच धरलेला असतो. त्या दिवशी किती मिलिमीटर पडला, कुठल्या फूटिंगच्या खड्ड्यात पाणी, पंप किती तास चालला, किती मजूर बसून होते, हे त्याच दिवशी लिहिलेलं लागतं.

करार बी-१ (सार्वजनिक बांधकाम खात्याचा ठरलेला नमुना) असेल तर कलम ६ आजच काढून वाचा. अडथळा आल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज करायचा असतो. केला असेल तर पोच शोधा. ड्रॉइंगच्या आवक तारखा, पत्रं, व्हॉट्सॲपवरचे निरोप तारीखवार लावा आणि प्रत्येकाशेजारी त्या-त्या महिन्याचं शेड्यूल ठेवा. जुन्या फाइली बहुतेक कुणाच्या तरी ईमेलला जोडलेल्या सापडतात.

मुदतवाढीच्या अर्जासोबत ‘भरपाई मागणार नाही’ असं हमीपत्र पुढे सरकवतात, त्यावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि हिंड्रन्स रजिस्टरवर, म्हणजे अडथळ्यांच्या नोंदवहीवर, साहेब सही देत नसतील तर तीच नोंद त्याच संध्याकाळी ईमेल करा.