लातूरला गच्चीवर कुंडीत लावलेल्या पांढऱ्या चाफ्याला नुसती पानंच येतात, फुलं का येत नाहीत?

बहुतेक वेळा ऊन कमी आणि नत्र (नायट्रोजन) जास्त, म्हणून. कुंडी रोज किमान 6 तास थेट ऊन लागेल अशा जागी हलवा आणि नत्र देणारा युरिया लगेच बंद करा. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या शेंड्यातूनच निघतो, नत्र वाढलं की झाड सगळी ताकद पानांत घालतं. फुलोरा शेंड्यातून येतो म्हणूनच शेंडे छाटू नका, छाटलेली फांदी फुलायला बहुधा पुढचा हंगाम उजाडतो. दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. कुंडीत ती पाणी धरून बसते, मुळं कुजतात आणि बुंधा दाबला की मऊ लागतो. फेब्रुवारीत, नवी पानं फुटायच्या आधी, माती बदला:

- माती 2 भाग
- जाड वाळू किंवा बारीक मुरूम 2 भाग
- पूर्ण कुजलेलं शेणखत 1 भाग

पालवी फुटल्यावर 12 इंची कुंडीला महिन्यातून एकदा एक चमचा सुपर फॉस्फेट आणि अर्धा चमचा सल्फेट ऑफ पोटॅश पुरे. एप्रिल-मेमध्ये वरची दोन बोटं माती सुकली की भरपूर पाणी द्या. हिवाळ्यात पानं गळाल्यावर मात्र दोन आठवड्यांतून एकदाच, थोडं. ती पानगळ रोग नव्हे, घाबरून पाणी वाढवलं की झाड हातचं जातं. रोप फांदीचं असेल तर हे लागू. बियांपासून वाढवलेल्या रोपाला पहिलं फूल यायला 3 वर्षं किंवा जास्तही लागतात.