वाचकांचे प्रश्न : ‘वुल्फ’चे सुरुंग, वाफेवरच्या पाणबुड्या आणि धुरातली डोलकाठी

प्रश्न : पहिल्या महायुद्धात जर्मनांनी मुंबईजवळ समुद्रात सुरुंग पेरले होते, हे खरं का? ते इतक्या लांब आले कसे? आणि फेब्रुवारीत पेरलेल्या सुरुंगावर बोट जूनमध्ये कशी फुटली? (रत्नागिरीहून एक वाचक)

उत्तर : खरं आहे. हे काम ‘वुल्फ’ या जर्मन युद्धनौकेचं. ही मूळची ‘वाखफेल्स’ नावाची मालवाहू बोट, वेग जेमतेम साडेदहा नॉट (ताशी साडेदहा सागरी मैल). युद्धनौका म्हणून कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, आणि तेच तर हवं होतं. तोफा खाली पाडता येणाऱ्या पत्र्यांआड लपवलेल्या, पोटात साडेचारशेच्या वर सुरुंग. ३० नोव्हेंबर १९१६ ला तिनं जर्मनीतलं कील बंदर सोडलं, आफ्रिकेला वळसा घातला आणि केपच्या (आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या) व कोलंबोच्या वाटेवर सुरुंग टाकत फेब्रुवारी १९१७ मध्ये ती मुंबईच्या समोर आली. पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ २३ जून १९१७ ला मुंबईजवळ बुडाली ती या सुरुंगांमुळेच.

चार महिन्यांचं कोडं सुरुंगाच्या रचनेत आहे. त्याच्या गोलावर शिशाची शिंगं असतात. प्रत्येक शिंगात काचेची नळी, नळीत आम्लमिश्रित डायक्रोमेटचं द्रावण. बोटीचा तळ घासला की मऊ शिसं वाकतं, काच फुटते, द्रावण खालच्या, तोवर कोरड्या असलेल्या जस्त-कार्बनच्या घटात उतरतं, वीज तयार होते आणि डिटोनेटर उडतो. म्हणजे धडक बसेपर्यंत आत वीज नसतेच, त्यामुळे बॅटरी उतरायचा प्रश्न येत नाही. पाणी आत शिरत नाही तोवर सुरुंग महिनोन्‌महिने तयार राहतो.

तो पाण्यावर मोकळा तरंगतही नसतो, तारेनं तळाच्या नांगराला बांधलेला असतो. तळ किती खोल आहे हे नेमकं ठाऊक नसताना तो पृष्ठाखाली ठरावीक अंतरावर कसा थांबवायचा? त्या काळची एक नामी युक्ती अशी : नांगराखाली, समजा, तीन मीटर दोरीवर शिशाचा लंबक लोंबतो. टाकल्यावर सुरुंग वर तरंगतो आणि नांगर तार उलगडत खाली जातो. लंबक तळाला टेकला की त्याची दोरी सैल पडते आणि तारेच्या रिळाला खीळ बसते. नांगराला अजून तीन मीटर उतरायचं बाकी असतं. तेवढाच तो सुरुंगाला खाली ओढतो. चूक होते ती भरती-ओहोटीची. तार तेवढीच राहते, पाणी चढतं. मुंबईच्या किनाऱ्यालगत उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. ओहोटीला तीन मीटर खाली असलेला सुरुंग भरतीला सात मीटरपेक्षा खोल जातो आणि कमी बुडीची बोट त्याच्यावरून बिनधास्त निघून जाते. काही बोटी वाचल्या आणि काही फुटल्या, यात दैवापेक्षा हा हिशेब जास्त.

पावसाळी लाटांनी तार झिजून तुटली तर सुरुंग मोकळा भटकू लागतो. १९०७ च्या हेग करारानुसार असा सुटलेला सुरुंग आपोआप निकामी व्हायला हवा. कागदावर.

‘वुल्फ’वर ‘व्योल्फशेन’ (लांडग्याचं पिल्लू) नावाचं विमानही होतं : फ्रीडरिक्सहाफेन एफएफ ३३, दोन माणसं, १५० अश्वशक्तीचं बेंझ इंजिन. चाकांऐवजी तरंगे असल्यानं उडवायला बोट थांबवून ते डेरिकनं (बोटीवरच्या यारीनं) पाण्यावर उतरवावं लागे. समुद्र खवळला असेल तर बेत रद्द.

प्रश्न : पाणबुडीला डिझेल चांगलं चालत असताना इंग्रजांनी वाफेच्या पाणबुड्या का बांधल्या? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : वेगाच्या हट्टापायी. डिझेल येण्याआधी इंग्रजांच्या सुरुवातीच्या पाणबुड्या पेट्रोलवर चालत. बंद नळकांड्यात पेट्रोलची वाफ साचली की काय होतं ते १९०५ मध्ये ‘ए-५’ वरच्या स्फोटानं दाखवलं. १९०८ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘डी-१’ पासून त्यांनी डिझेल घेतलं. जर्मनांची ‘यू-१’ रॉकेलवर चाले आणि तिचा पांढरा धूर लांबून दिसे. पाण्याखाली मात्र सगळ्यांनाच शिसे-आम्लाच्या बॅटरीवरची मोटर. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन. म्हणून बॅटरीघराच्या हवेची सोय आणि पाण्याचा बंदोबस्त, दोन्हींकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागे.

युद्धात ताफ्याबरोबर धावणारी पाणबुडी हवी झाली, आणि एवढ्या ताकदीचं डिझेल तेव्हा मिळत नव्हतं. म्हणून ‘के’ वर्गात बॉयलर आणि टर्बाइन आली : १०,५०० अश्वशक्ती, २४ नॉट. पण बुडी मारण्यापूर्वी दोन धुराडी आडवी करून झाकायची, वर हवेची मोठमोठी भोकं बंद करायची. एक राहिलं तरी संपलं. २९ जानेवारी १९१७ ला स्कॉटलंडमधल्या गेअरलॉक खाडीत चाचणीत ‘के-१३’ उघड्या हवाभोकांसह बुडाली आणि ३२ माणसं गेली. शिवाय लांबी सुमारे १०३ मीटर. नाक ३० अंश खाली झुकलं की शेपूट पृष्ठाशी असतानाच नाक ५० मीटरवर. तिच्या खोलीची मर्यादा साधारण ६० मीटर! चूक सुधारायला वावच नाही.

प्रश्न : ‘ड्रेडनॉट’च्या फोटोत पुढची डोलकाठी धुराड्याच्या मागे दिसते. ही चूक की मुद्दाम? (नागपूरहून एक वाचक)

उत्तर : इंग्रजांच्या या प्रसिद्ध युद्धनौकेवरची ही मुद्दाम केलेली चूक. छोट्या होड्या उचलणारी क्रेन त्या डोलकाठीला टेकवायची सोय त्यातून झाली. पण काठीच्या टोकाला, गोळे कुठे पडतात ते पाहणाऱ्या निरीक्षकाचं ठाणं होतं, आणि पुढच्या धुराड्याचा धूर नि झळ थेट त्याच्या तोंडावर. त्या बोटीची सगळी मातब्बरी या निरीक्षकावर उभी होती. आधीच्या ‘लॉर्ड नेल्सन’वर १२ इंची चार आणि ९.२ इंची दहा तोफा होत्या. कोणत्या गोळ्यानं पाणी उडालं ते दुरून ओळखू येईना, मग पल्ला सुधारणार कसा? ‘ड्रेडनॉट’वर १२ इंची दहा तोफा, आणि त्यांतल्या आठ एका बाजूला एकदम डागता येत. पाण्याचे फवारे सारखे, मोजायला सोपे; पण मोजणाराच धुरात. नंतरच्या काही बोटींत काठी पुढे आणली, मग ‘कोलोसस’, ‘हर्क्युलिस’ आणि ‘ओरायन’मध्ये पुन्हा मागे नेली, हे मात्र अक्षम्य.